देवाने क्षमा केली, पण जिचं नुकसान झालं तिचं काय?

उंबरठा

बाबांना जाऊन आता चार महिने होतील. शेवटच्या आठवड्यात त्यांनी पाळकांना बोलावून घेतलं. दोघं तासभर दार लावून आत होते. पाळक बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, आणि आत गेलो तर बाबांचा चेहरा इतका शांत, की तसा मी कधीच पाहिला नव्हता. त्या शांततेवर मला शंका नाही. ते खरंच रडले असणार, खरंच देवाकडे वळले असणार.

पण माझ्या आईवर त्यांनी तीस वर्षं हात उचलला. आणि त्या आठवड्यात त्याबद्दल तिच्याशी ते एक शब्द बोलले नाहीत. ती शेजारीच होती. औषधं तीच देत होती.

दफनविधीच्या संदेशात वधस्तंभावरच्या पश्चात्तापी चोराचा दाखला होता, ५१ वं स्तोत्रही वाचलं. नंतर माणसं येऊन आईचा हात हातात घेऊन सांगत होती, देवाने त्यांना क्षमा केली, आता तुम्हीही मन मोकळं करा. आईने मान डोलावली. रात्री सगळे गेल्यावर मला म्हणाली, "देवाने केली असेल क्षमा. मला कुणी विचारलंच नाही."

मी चर्चमध्येच वाढलोय. देवाची दया अपार आहे हे मला कुणी पटवून द्यायला नको, मी ते मानतो. पण देव एखाद्या माणसाला क्षमा करतो तेव्हा ती आईच्या वतीनेही करतो का? या सगळ्या शिकवणीत तिच्यासारखीला जागा कुठे आहे? कुणी नीट अभ्यास केला असेल तर लिहा. घाई नाही.

निशिगंध

उंबरठा, आईंचं ते वाक्य वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. अभ्यासाचं जाणकार लिहितीलच. मला एवढंच म्हणायचंय की त्यांच्यावर सध्या कुणी क्षमेचा आग्रह धरू नये. तुम्हीसुद्धा नाही.

काठावरचा

तुमच्या दुःखाला पूर्ण मान ठेवून दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण ती बाजू सुटली तर सुवार्तेत काहीच उरत नाही.

लूक २३ मधल्या त्या चोराला भरपाई करायला हातच मोकळे नव्हते. त्याने ज्यांना लुबाडलं ती माणसं तिथे नव्हती. तरी येशूने त्याला "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" असं म्हटलं, "आज". पुढे कधीतरी, हिशेब चुकते झाल्यावर, असं म्हटलं नाही. मत्तय २० मधले शेवटच्या तासाला आलेले मजूर बघा. त्यांनाही पूर्ण दीनार मिळतो आणि दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात. मालक त्यांना विचारतो, मी उदार आहे म्हणून तुझ्या डोळ्यांत खुपतं का?

क्षमेला अटी लावत गेलो तर ती मजुरी होते. तुमच्या वडिलांनी शेवटच्या घटकेला हात पुढे केला असेल तर तो हात धरला गेला, असं मी ठामपणे मानतो.

मात्र त्या चोराबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तो आधी म्हणतो की आम्हाला मिळतंय ते आमच्या कर्माचं योग्य फळ आहे. सगळ्यांच्या देखत, मोठ्याने. स्वतःच्या बाजूने एकही सबब तो पुढे करत नाही.

तिसरा_प्रहर

मूळ प्रश्नाकडे येतो. "देवाची क्षमा" आणि "ज्याचं नुकसान झालं तो माणूस" यांना वेगळं काढणं पवित्र शास्त्रातच बसत नाही. आपल्या प्रवचनांत ते वेगळे पडलेत, हे दुर्दैव.

जुन्या करारातलं लेवीय ६ काढून बघा. शेजाऱ्याला फसवलं, त्याची ठेव दाबली, त्याच्यावर जुलूम केला, तर काय करायचं? आधी मूळ वस्तू परत द्यायची, वर तिचा पाचवा हिस्सा घालायचा, आणि हे सगळं ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. दोषार्पणाचा मेंढा त्यानंतर. पापक्षमा त्यानंतर. त्या उताऱ्याची सुरुवातही लक्षात घेण्यासारखी आहे: शेजाऱ्याशी केलेली लबाडी तिथे परमेश्वराशी केलेला विश्वासघात म्हणून मांडली आहे.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू तोच क्रम पुढे नेतो (मत्तय ५:२३-२४). वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. मी रागावलेला असेन तर, असं तो म्हणत नाही. *दुसरा* माझ्यामुळे दुखावलेला असेल तर. म्हणजे उपासना थांबवून जायचं आहे ते तुमच्या आईंसारख्या माणसाकडे.

यहेज्केल ३३ मध्ये दुष्टाच्या मरणात मला संतोष नाही, त्याने मागे फिरून जगावं, असं देव म्हणतो ते सगळ्यांना पाठ असतं. चारच ओळींनंतर मागे फिरण्याचा अर्थ दिलाय: गहाण परत दिलं, लुटलेलं परत केलं.

आपला "पश्चात्ताप" हा शब्द मला नेहमी थोडा अपुरा वाटतो. पश्चात् आणि ताप, म्हणजे मागाहून होणारी जळजळ. ती एकट्याने, दार लावून, अंथरुणात पडल्या पडल्याही होऊ शकते. इब्री भाषेतला शब्द "शूव" म्हणजे परत फिरणं, जिथून निघालो तिथे पायांनी परत जाणं. ग्रीक "मेटानोइआ" म्हणजे मन पालटणं, विचाराची दिशाच बदलणं. या दोन्ही शब्दांत नुसतं वाईट वाटण्यापेक्षा बरंच जास्त आहे.

पण काठावरचा यांचंही बरोबर आहे, कारण दया आधी येते. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय झाडावर होता तेव्हाच येशू त्याला नावाने हाक मारतो आणि तुझ्या घरी येतो म्हणतो. त्या वेळी जक्कयने कुणाचं काहीच परत केलेलं नव्हतं. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याच्या चौपट परत, हे तो नंतर बोलतो. "आज या घराला तारण झालं आहे" हे वाक्य त्याच्या बोलण्यानंतर येतं, आधी नाही. भरपाई ही दयेची किंमत नाही, पण खरी दया शिरली त्या घरातून भरपाई बाहेर पडतेच.

उंबरठा

तिसरा_प्रहर, खूप आभार. लेवीयातला हा क्रम मला ठाऊकच नव्हता.

पण मग ५१ व्या स्तोत्राचं काय? "तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे." दफनाच्या वेळी हे वाचलं तेव्हा मी आईकडे बघितलं आणि पुन्हा बघवलं नाही. दावीदाने उरीयाला मारवलं, त्याची बायको घेतली. आणि म्हणतो काय, देवा, फक्त तुझ्याविरुद्ध! बाबांनी आत बसून हेच केलं असणार.

तिसरा_प्रहर

ही ओळ मलाही अनेक वर्षं टोचत होती. आता मी ती २ शमुवेल १२ शेजारी ठेवून वाचतो.

नाथान संदेष्टा दावीद राजाला मेंढीची गोष्ट सांगतो. श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी पाहुण्यासाठी कापली. दावीद संतापून निकाल देतो: त्याने चौपट भरून द्यावं. (जक्कयच्या तोंडी हाच आकडा आहे. मेंढी चोरली तर चौपट, हा निर्गमातला नियम.) नाथान म्हणतो, तो माणूस तूच. आणि मग देव दावीदाला दोष देतो तो कशाचा? उरीयाला तलवारीने मारलंस, त्याची बायको घेतलीस, *म्हणजे मला तुच्छ लेखलंस.* देवाने उरीयाची जागा स्वतः घेतली. म्हणून "तुझ्याविरुद्ध" याचा अर्थ उरीया हिशेबात नाही असा मी घेत नाही. उरीयाला केलेला घाव देवाला लागलाय, असा घेतो.

दावीदाला क्षमा मिळते, त्याच प्रकरणात, एका वाक्यात. पण तलवार तुझ्या घरातून जाणार नाही हेही त्याच प्रकरणात आहे. क्षमेने झालेलं पुसलं गेलं नाही.

आता मत्तयच्या पहिल्या अध्यायातली वंशावळ उघडा, जी आपण कंटाळून सोडून देतो. त्यात तामार, राहाब, रूथ नावानिशी आहेत. उरीयाची बायको बथशेबा, तिचं नाव मात्र नाही. तिथे लिहिलंय की दावीदाला शलमोन झाला तो *उरीयाच्या बायकोपासून.* शेकडो वर्षं उलटली होती, दावीद क्षमा झालेला, सगळ्यांचा लाडका राजा. तरी येशूच्या वंशावळीत, शुभवर्तमानाच्या पहिल्याच पानावर, उरीयाचं नाव राहिलं. कुणाला ते पुसावंसं वाटलं नाही. तुमच्या आईंची जागा कुठे, असं तुम्ही विचारलंत. मला ती तिथे दिसते.

निशिगंध

हे मी आजवर कधीच ऐकलं नव्हतं. वंशावळ परत वाचून आले.

अबोली

मी कॅथलिक घरातली, म्हणून आमच्याकडची बाजू मांडते.

धर्मगुरूपुढे केलेल्या पापनिवेदनाकडे लोक बघतात ते "जा, सांगा, मोकळे व्हा" असं. पण १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट आहे की पापमुक्तीने पाप दूर होतं, पण पापामुळे झालेली मोडतोड दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत द्यायला हवं, बदनामी केली असेल तर त्या माणसाचं नाव परत उजळायला हवं, इजा केली असेल तर भरपाई द्यायला हवी. शक्य असेल तेवढं करणं भागच आहे.

दुसरं म्हणजे पापाला नाव द्यावं लागतं. "मी वाईट वागलो" चालत नाही. काय केलं, ते उच्चारावं लागतं. मला वाटतं की माणसाला खरं जड जातं ते हेच. "मी पापी आहे" हे गाण्यातही म्हणता येतं. "मी तिला मारलं" हे म्हणताना घसा धरतो.

मरणाच्या दारातल्या पश्चात्तापाबद्दल एक जुनी गोष्ट. २५० साली देकियस बादशहाच्या छळात पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी जीव वाचवायला देवतांना बळी दिले. छळ ओसरल्यावर ते रडत परत आले. रोममधला धर्मगुरू नोव्हेशन याचं म्हणणं, अशांना मंडळीत परत जागा नाही. मंडळीने त्याचं ऐकलं नाही, प्रायश्चित्त करून घेऊन त्यांच्यासाठी दार उघडं ठेवलं. पुढे ३२५ च्या नायसिया परिषदेने तेरावा नियम केला: मरणासन्न माणसाला शेवटचा पवित्र प्रसाद नाकारायचा नाही. पण तो बरा झाला, तर त्याने पुन्हा प्रायश्चित्त करणाऱ्यांच्या रांगेत, फक्त प्रार्थनेत सहभागी होणाऱ्यांमध्ये जाऊन उभं राहायचं.

मला हा नियम फार आवडतो. मरणाऱ्याला हिशेब विचारायचा नाही, पण हिशेब संपलाय असंही म्हणायचं नाही. आमच्यात शुद्धीस्थान, म्हणजे मरणानंतर आत्मा शुद्ध होण्याची अवस्था, मानतात त्यामागेही हीच जाणीव आहे की क्षमा झालेल्या माणसातही सरळ व्हायचं बरंच उरलेलं असतं.

काठावरचा

शुद्धीस्थानाबद्दल आपलं जमणार नाही, अबोलीताई. मी त्या वाटेला जात नाही. भरपाईचं रूपांतर दंडमाफीच्या पत्रांच्या विक्रीत झालं, म्हणूनच १५१७ साल, लूथरच्या धर्मसुधारणेचं, उजाडलं. पण लूथरच्या ९५ प्रबंधांतला पहिलाच घ्या: येशूने पश्चात्ताप करा म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्ताप असावं असा त्याचा हेतू होता. म्हणजे एका तासात दार लावून संपणारं काम नाही, इथे आपण एकाच जागी आहोत.

आणि वर "क्षमेला अटी" म्हणालो ते थोडं सुधारतो. जॉन न्यूटन गुलामांच्या जहाजावरचा खलाशी. १७४८ साली वादळात जहाज बुडायला आलं तेव्हा तो देवाकडे वळला. ही गोष्ट आमच्याकडे अनेकदा सांगतात आणि इथेच थांबवतात. त्यानंतर तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला, आणि १७५४ पर्यंत, तब्येत बिघडेपर्यंत, ते काम करत राहिला. प्रार्थना करत, बायबल वाचत. जहाजाच्या पोटात माणसं साखळदंडात. त्या धंद्याविरुद्ध त्याने पुस्तिका छापली ती १७८८ मध्ये, म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी. तीत तो कबूल करतो की ही कबुली कितीही मनापासूनची असली तरी माझ्या हातून झालेलं दुःख भरून काढायला तिला फार उशीर झालाय. ब्रिटनमध्ये तो व्यापार बंद करणारा कायदा १८०७ मध्ये झाला, न्यूटनही त्याच वर्षी वारला.

देवाने त्याला १७४८ मध्ये जवळ केलं असं मी मानतो. पण त्याला त्या माणसांचे चेहरे दिसायला चाळीस वर्षं लागली. तुमच्या वडिलांकडे चाळीस वर्षं नव्हती, आठवडाच होता. हे मी त्यांच्या बचावासाठी म्हणत नाही. अपुरं राहिलेलं काम अपुरंच आहे, आणि तसं ते बोललं गेलं पाहिजे. दफनाच्या संदेशातही.

निशिगंध

काठावरचा, शेवटच्या दोन वाक्यांसाठी मनापासून आभार.

मला आग्रहाबद्दल लिहायचंय. मार खाणाऱ्या बाईला "सत्तर वेळा सातदा" ऐकवणं मी खूप पाहिलंय, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. कितीदा क्षमा करायची या प्रश्नावर येशूने ते म्हटलं आणि पुढे दाखला दिला, मत्तय १८ मध्ये. त्या दाखल्यातला चाकर आठवा. त्याला राजाने दहा हजार तालांत माफ केले. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, तेव्हा सहा कोटी दिवसांची मजुरी! आणि त्याने शंभर दीनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरला. दाखल्यातला दोषी तो आहे, *ज्याला आधी माफी मिळाली आणि जो दुसऱ्याचा गळा धरतो.* घरातल्या अशक्त माणसावर हात टाकणारा तो आहे. बाईला मात्र हा दाखला असा सांगतात जणू गळा तिनेच धरलाय.

लूक १७ मध्ये येशू म्हणतो, भावाने अपराध केला तर त्याला *धमकाव,* आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. दिवसातून सात वेळा अपराध केला आणि सातही वेळा *तुझ्याकडे येऊन* पस्तावलो म्हणाला तर क्षमा कर. तुझ्याकडे येऊन.

आलेसांद्रो सेरेनेल्लीचं उदाहरण मला कायम आठवतं. १९०२ साली इटलीत त्याने अकरा वर्षांच्या मारिया गोरेत्तीला भोसकलं. मरताना तिने त्याला क्षमा केली. त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली, त्यातली सत्तावीस भोगून तो सुटला. तुरुंगातच त्याचं मन पालटलं होतं. खुद्द मुलीने क्षमा केलेली, देवाने केलेली, कायद्याचाही हिशेब जवळपास पुरा झालेला. तरी सुटल्यावर तो तिच्या आईच्या दारात गेला आणि तिच्यापुढे गुडघे टेकले. तिने क्षमा केली. पण त्याने ती गृहीत धरली नव्हती, मागितली होती.

उंबरठा, तुमच्या आईंना कुणी विचारलं नाही हे त्यांचं म्हणणं मला शुभवर्तमानाच्या विरुद्ध वाटत नाही. उलट त्या शुभवर्तमानाचीच अपेक्षा करत होत्या.

पायरव

इथे मी बहुतेक वाचकच असतो, पण धागा दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

तिसरा_प्रहर यांनी सांगितलेला क्रम येशूला धरून देणाऱ्या यहूदाला लावून पाहिला आणि अडखळलो. मत्तय २७ नुसार यहूदाला पस्तावा झाला. त्याने तीस रुपये परत केले. "निर्दोष रक्त धरून देऊन मी पाप केलं" असं पापाचं नाव घेऊन बोलला. कबुली झाली, परतफेड झाली. तरी तो जाऊन गळफास घेतो. आणि येशूला ओळखतच नाही असं तीनदा म्हणणारा शिष्य पेत्र? त्याने काहीच परत दिलं नाही. नुसता बाहेर जाऊन रडला.

फरक मला एकच दिसतो. यहूदा कबुली द्यायला गेला तो याजकांकडे. ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. ज्याचा घात केला त्याच्याकडे तो गेलाच नाही. पेत्र मात्र त्याच लोकांत राहिला, आणि किनाऱ्यावर येशू दिसल्याबरोबर नाव पोहोचायची वाट न बघता पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे गेला.

तिथे कोळशाचा विस्तव होता. ग्रीक नव्या करारात हा शब्द दोनदाच येतो, दोन्ही वेळा योहानात. एकदा प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे शेकत शेकत पेत्राने नाकारलं. आणि दुसऱ्यांदा इथे. तसाच विस्तव, आणि तीन नकारांना तीन प्रश्न. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला असं लिहिलंय. येशूने त्याला झालं गेलं विसर असं म्हटलं नाही. त्याला त्या विस्तवापाशी परत नेलं आणि तिथून उठवलं.

उंबरठा, तुमचे वडील त्या दारामागे कुणाकडे गेले ते मला माहीत नाही. न्याय करणारा मी कोण. फक्त, विस्तवापाशी परत जायचं राहून गेलं, एवढं कळतंय.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. तीन-चार दिवस काही लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं घडत होतं.

मी धागा आईला वाचून दाखवला. सगळा नाही, उरीयाच्या नावाचा भाग आणि पायरव यांचा प्रतिसाद. ती ऐकत होती. मग मी तिला विचारलं की बाबांनी काय म्हणायला हवं होतं असं तुला वाटतं. मला वाटलं, ती मारहाणीबद्दल बोलेल.

ती म्हणाली, "ती वही."

आईची एक वही होती. स्वतः रचलेली गीतं ती त्यात लिहायची. एका रात्री बाबांनी ती चुलीत घातली. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि दारात उभा होतो. हे मला आठवत नव्हतं असं नाही. मी ते आठवायचं नाही असं ठरवलं होतं. सकाळी मीच तिला म्हणालो होतो की तू मनावर घेऊ नकोस, त्यांचा स्वभावच तसा आहे. नंतर तीस वर्षं मी तेच म्हणत आलो, वेगवेगळ्या शब्दांत.

इथे प्रश्न विचारताना मी बाबांच्या पापाबद्दल विचारत होतो. वही म्हटल्यावर माझं तोंड कोरडं पडलं. अबोलीताई म्हणाल्या तसा घसा धरला. तरी म्हणालो. आई, त्यांनी तुझी वही जाळली तेव्हा मी दारात होतो. मी पाहिलं. मी काही बोललो नाही, आणि सकाळी तुलाच समजावलं. मला क्षमा कर.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू चौदा वर्षांचा होतास."

मी म्हणालो, तेव्हा होतो.

त्यावर ती काही बोलली नाही. रात्री झोपायच्या आधी माझ्या खोलीच्या दारात आली आणि म्हणाली, त्यातली दोन गीतं मला अजून येतात, उद्या लिहून घे.